बुटाची नाडी आणि 'स्वतंत्र' हा शब्द : स्पिरिट पुरस्कारांची चाळीस वर्षं

गेल्या व्याख्यानानंतर काही जणांनी विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, सिनेमाच्या पुरस्कारांवर काय बोलणार? रास्त प्रश्न आहे. मी चित्रपट-समीक्षक नाही. पण आयुष्यभर वर्गात एकच उद्योग केला, रोजच्या वापरातला एखादा शब्द घ्यायचा, तो उलटासुलटा करून बघायचा, आणि आपण तो वापरतो तेव्हा नेमकं काय म्हणत असतो हे विचारायचं. आज तो शब्द आहे 'स्वतंत्र'. स्वतंत्र चित्रपट, इंडिपेंडंट सिनेमा. हा शब्द पुरस्काराच्या नावातच घालून अमेरिकेत चाळीस वर्षं दरवर्षी एक सोहळा होतो, आणि दरवर्षी त्यांना ठरवावं लागतं की यंदा स्वतंत्र कोण. वर्गातल्या चर्चेत 'हा प्रश्न अवघड आहे' म्हणून तास संपवता येतो. त्यांना तसं करता येत नाही, कारण पुरस्कार कुणाच्या तरी हातात द्यायचा असतो.

तर हा सोहळा म्हणजे इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्ड्स. पहिला झाला १९८६ च्या मार्चमध्ये, १९८५ च्या चित्रपटांसाठी. तेव्हा त्याचं नाव 'फिंडी' होतं, म्हणजे 'स्वतंत्रांचे मित्र' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली स्वतंत्र चित्रपटकारांची एक संघटना निघाली होती, इंडिपेंडंट फीचर प्रोजेक्ट. तिची पश्चिम किनाऱ्यावरची, लॉस एंजेलिसची शाखा हा कार्यक्रम करायची. पुढे ती शाखा वेगळी झाली आणि 'फिल्म इंडिपेंडंट' या नावानं काम करू लागली. संस्थांच्या फुटीचा इतिहास आपल्याला नवा नाही, त्यात फार शिरत नाही.

मला रस आहे तो त्यांच्या पहिल्या स्मृतिचिन्हात. ऑस्करचा सोनेरी पुतळा सगळ्यांना माहीत आहे. यांनी काय केलं? ॲक्रिलिकचा पारदर्शक पिरॅमिड बनवला आणि त्याच्या आत बुटाच्या नाड्या लटकवल्या. इंग्रजीत तुटपुंज्या पैशात केलेल्या कामाला 'शूस्ट्रिंग बजेट' म्हणतात, म्हणजे खिशात एवढंच आहे, बुटाच्या नाडीपुरतं. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे, पदरमोड. पदरमोड करून नाटक केलं, मासिक चालवलं, असं आपण म्हणतो. तर अमेरिकेतल्या पदरमोड करणाऱ्यांनी आपली पदरमोडच काचेसारख्या पेटीत बंद करून एकमेकांना बक्षीस दिली. आता चिन्ह बदललंय. खांबावर पंख पसरून बसलेला धातूचा पक्षी आहे. पण खांबाला त्या नाड्या अजून गुंडाळलेल्या आहेत. त्या नाडीकडे लक्ष ठेवा, आपण परत तिच्याकडे येणार आहोत.

पहिल्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'आफ्टर अवर्स'. दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून, स्कॉर्सेसी आणि 'ब्लड सिंपल'साठी जोएल कोएन. आता ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. कोएन बंधूंनी 'ब्लड सिंपल'साठी आधी एक छोटी जाहिरातफीत बनवली. चित्रपट अजून अस्तित्वातच नाही, आणि त्याची जाहिरात! प्रोजेक्टर उचलून ते लोकांच्या घरोघरी गेले, ती फीत दाखवली आणि थोडेथोडे पैसे गोळा केले. याला स्वतंत्र म्हणायला कुणाची हरकत नसावी. पण 'आफ्टर अवर्स'? चित्रपट कमी पैशात केलेला, हे खरं. पण तो लोकांपर्यंत पोचवला वॉर्नर ब्रदर्सनं, म्हणजे हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओनं. पहिल्याच वर्षी, पहिल्याच पुरस्कारात प्रश्न दारात उभा! पैसा कमी लागला म्हणून स्वतंत्र? की पैसा स्टुडिओबाहेरून आला म्हणून? की दिग्दर्शकाचं डोकं कुणाकडे गहाण नव्हतं म्हणून?

यांनी निकष लिहून ठेवले आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. दृष्टीचं वेगळेपण. विषयाची मौलिकता, तो विचार करायला लावणारा हवा. साधनांची काटकसर. आणि किती टक्के पैसा स्वतंत्र मार्गानं आला. चारपैकी शेवटचे दोन मोजता येतात, पहिले दोन येत नाहीत. शिवाय चौथ्या निकषात 'स्वतंत्र' हा शब्द परत आलाच! स्वतंत्र म्हणजे काय, तर ज्यात स्वतंत्र पैसा आहे ते. आमच्या तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात. पण मी त्यांना नापास करणार नाही. व्यवहारात आपल्या पुष्कळशा व्याख्या अशाच असतात, नाहीतर 'नेति नेति' पद्धतीच्या. स्वतंत्र म्हणजे काय ते सांगता येत नाही, पण स्टुडिओचं नव्हे ते, एवढं सांगता येतं.

दुसऱ्या वर्षी, १९८७ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार स्पाइक ली यांना मिळाला, 'शीज गॉटा हॅव इट'साठी. बारा दिवसांचं चित्रीकरण, खर्च अंदाजे पावणेदोन लाख डॉलर. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ऑलिव्हर स्टोन यांचा 'प्लाटून', खर्च ६० लाखांच्या आसपास. 'प्लाटून'ला त्या वर्षी ऑस्करही मिळालं. सगळ्यांना वाटलं, चला, आता दोन्ही घरं एक झाली.

झाली नाहीत. स्पिरिट आणि ऑस्कर या दोन्हींत तोच चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरण्याचा योग पुन्हा यायला पंचवीस वर्षं लागली, थेट २०१२, 'द आर्टिस्ट'. मधल्या काळात स्पिरिटनं कुणाला निवडलं? 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप', 'शॉर्ट कट्स', 'पल्प फिक्शन', 'फार्गो', 'मेमेंटो', 'ब्रोकबॅक माउंटन'. आज ही यादी वाचताना वाटतं की ती पंचवीस वर्षं याच लोकांची होती. ऑस्कर शेजारच्या तंबूत वेगळ्याच कुणाला तरी हार घालत होतं.

तंबू शब्द मी मुद्दाम वापरला. अनेक वर्षं हा सोहळा सँटा मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर, मोठ्या तंबूत, ऑस्करच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी व्हायचा. सूट-टाय सक्तीचा नाही. जॉन वॉटर्स यांच्यासारखा खट्याळ दिग्दर्शक सूत्रसंचालनाला. जेवणखाण, मोकळी भाषा. २००९ साली मिकी रूर्क यांना 'द रेसलर'साठी अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी भाषणात स्वतःचं सोडून एरिक रॉबर्ट्स या दुसऱ्याच नटाची वकिली केली, की याला कुणीतरी परत काम द्या. ऑस्करच्या मंचावर घड्याळ लावलेलं असतं, तिथे एवढी ऐसपैस मैत्री परवडत नाही. तंबूचा तोटाही आहे म्हणा. बाहेरचा आवाज आत येतो. २०२४ साली बाहेर पॅलेस्टाईनच्या बाजूनं निदर्शनं चालली होती आणि कर्ण्यावरच्या घोषणा आतल्या भाषणांवर ऐकू येत होत्या. स्वातंत्र्याचा सोहळा करायचा तर भिंती पातळ असणं बरंच, असं माझं वैयक्तिक मत.

आता पैशाकडे येऊ. बरीच वर्षं नियम होता, की चित्रपटाचा खर्च २ कोटी डॉलरच्या आत हवा. २०१९ मध्ये मर्यादा सव्वादोन कोटी झाली, आणि २०२२ मध्ये ३ कोटी. तुम्हाला ढिगाऱ्याचा जुना ग्रीक प्रश्न आठवत असेल, आपण तो पहिल्या व्याख्यानात घेतला होता. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. मग आणखी एक. कुठल्या दाण्याला तो ढीग राहत नाही? तसंच इथे. २ कोटींचा चित्रपट स्वतंत्र, मग २ कोटी १ डॉलरचा का नाही? उत्तर असं की रेषा खोटी असते, पण रेषा ओढण्याची गरज खरी असते. मतदानाचं वय अठराच का, यालाही हेच उत्तर आहे.

इथे माझा एक अनुभव सांगतो. मी नोकरीत असताना एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. नियम होता, नेपथ्याचा खर्च अमुक रुपयांच्या आत. एका संघानं भलंमोठं नेपथ्य आणलं आणि हिशेबात दाखवलं अगदी थोडं, कारण एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं सुतारकामाचं दुकान होतं. कागदोपत्री सगळं नियमात! दुसऱ्या संघानं दोन खुर्च्या आणि एक दोरी वापरली. आयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सर, नियमात बसतंय, तुम्ही फक्त गुण द्या. मी गुण दिले, आणि मोठ्या नेपथ्याचा संघ जिंकला. ती दोरी मला अजून आठवते. मर्यादा घातली की समान संधी मिळते असं आपल्याला वाटतं. पण मर्यादेच्या आतही एक श्रीमंत असतो आणि एक गरीब असतो.

स्पिरिटवाल्यांना हे कळलं होतं, याचा पुरावा म्हणजे जॉन कॅसाव्हेटीस पुरस्कार. २००० च्या सोहळ्यात पदार्पणाच्या चित्रपटासाठी दोन गट केले, ५ लाख डॉलरच्या वरचे आणि खालचे. खालच्या गटात 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' जिंकला. त्यानंतर ५ लाखांच्या आतल्या चित्रपटांच्या पुरस्काराला कॅसाव्हेटीस यांचं नाव दिलं. 'शॅडोज' हा त्यांचा १९५९ चा चित्रपट, नट म्हणून मिळवलेले पैसे चित्रपटात घालणारा माणूस, पदरमोडीचे कुलपुरुष म्हणा. म्हणजे स्वतंत्रांच्या घरातसुद्धा एक माजघर ठेवावं लागलं, जिथे खरोखर नाडीवर चाललेल्यांना बसता येईल. २०२२ मध्ये मुख्य मर्यादा ३ कोटींवर नेली, तेव्हा हीसुद्धा दुप्पट केली, १० लाख. न्यूयॉर्कच्या मूळ संघटनेचे गॉथम पुरस्कार १९९१ पासून आहेत. त्यांची मर्यादा साडेतीन कोटी होती, ती त्यांनी २०२३ मध्ये काढूनच टाकली. दोघा भावंडांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली. मला विचाराल तर मी स्पिरिटच्या बाजूचा. खोटी का होईना, रेषा असावी. रेषा पुसली की नाडीचं चित्र तेवढं उरतं.

आणखी एक पुरस्कार सांगतो, कारण त्याची रचना मला फार आवडते. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या नावाचा, २००८ पासून. दिग्दर्शक, कलाकारांची निवड करणारा आणि कलाकारांचा सगळा संच, यांना मिळून एकच. आणि जो चित्रपट याला निवडला जातो, त्यातल्या नटांना अभिनयासाठी वेगळं नामांकन नाही. २०१७ मध्ये 'मूनलाइट'ला हा मिळाला. परिणाम असा की माहेरशाला अली स्पिरिटच्या वैयक्तिक यादीत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. व्यक्ती की समूह, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकांत शंभर पानं खातो. इथे तो एका नियमात सोडवलाय. पटो न पटो, धाडस आहे.

'मूनलाइट'चे दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स हे नाव या सोहळ्यात आधीही येऊन गेलं होतं. २००९ मध्ये, 'लक्ष ठेवावं असा' या अर्थाच्या एका पुरस्कारासाठी, 'मेडिसिन फॉर मेलन्कली' या छोट्या चित्रपटाबद्दल. तेव्हा तो त्यांना मिळाला नाही, लिन शेल्टन यांना मिळाला. क्लोई झाओ यांचंही तसंच. २०१८ मध्ये मधल्या टप्प्यावरच्या दिग्दर्शिकेसाठी असलेलं ५० हजार डॉलरचं बॉनी पारितोषिक पहिल्यांदा त्यांना दिलं, आणि तीन वर्षांनी 'नोमॅडलँड'. बक्षीस समारंभाचा हा भाग टीव्हीवर कुणाच्या लक्षात राहत नाही. पण ज्या माणसाचा पुढचा चित्रपट अजून व्हायचाय, त्याला ५० हजार डॉलर म्हणजे काय, हे तुम्हीच समजून घ्या. हार घालणं वेगळं आणि शिधा देणं वेगळं.

आता ऑस्करशी जुळण्याचं कोडं. २०१२ ला 'द आर्टिस्ट', मग २०१४ ते २०१७ सलग चार वर्षं, 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह', 'बर्डमॅन', 'स्पॉटलाइट', 'मूनलाइट'. पुढे २०२१ 'नोमॅडलँड', २०२३ 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स', २०२५ 'अनोरा'. पंचवीस वर्षं न जुळणारी घरं अचानक जुळायला का लागली? एक गंमतशीर गोष्ट अशी, की फिल्म इंडिपेंडंटची धुरा वीसेक वर्षं सांभाळणाऱ्या डॉन हडसन २०११ मध्ये थेट ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. आणि पुढच्याच वर्षी जुळणी सुरू! पण सावकाश. फांदीवर कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली म्हणून कावळ्याच्या वजनानं फांदी तुटली असं होत नाही. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात.

खरं कारण मला बाजारात दिसतं. मोठे स्टुडिओ हळूहळू सुपरहिरो आणि भाग दोन-भाग तीनच्या मागे गेले. मोठ्या माणसांसाठीचा, मध्यम खर्चाचा, माणसांवरचा चित्रपट त्यांनी सोडून दिला. ती जागा स्वतंत्रांनी भरली. मग ऑस्करला प्रतिष्ठेचा चित्रपट हवा असेल तर जाणार कुठे? शिवाय २०१६ नंतर अकादमीनं आपली सभासदसंख्या आणि तिची घडण बरीच बदलली. थोडक्यात, स्वतंत्र चित्रपट ऑस्करकडे गेले असं नाही, ऑस्करच्या पायाखालची जमीन सरकत सरकत तंबूपाशी आली. जिंकलं कोण मग? १९९३ मध्येच मिरामॅक्स डिस्नीनं विकत घेतलं होतं, आणि 'पल्प फिक्शन' मिरामॅक्सचा. तेव्हाही लोक विचारत होते, डिस्नीच्या खिशातला माणूस स्वतंत्र कसा?

(श्रोत्यांतून प्रश्न : निवड कोण करतं?) चांगलं विचारलंत. नामांकनं समित्या ठरवतात. विजेते मात्र फिल्म इंडिपेंडंटचे सभासद मतदानानं ठरवतात, आणि सभासद व्हायला सिनेमाच्या धंद्यात असावं लागत नाही, वर्गणी भरली की झालं. ऑस्करला हे चालत नाही. यात लोकशाहीही आहे आणि धोकाही आहे. संस्थांच्या निवडणुका आपण महाराष्ट्रात पुष्कळ पाहिल्यात, मी जास्त बोलत नाही. (हशा) पण समितीनं चाळायचं आणि सामान्य रसिकानं निवडायचं, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. २०२२ मध्ये यांनी अभिनेता-अभिनेत्री हा भेद काढला, तोही याच वृत्तीतून. पुढच्या वर्षी मुख्य भूमिकेचा एकच पुरस्कार होता आणि तो मिशेल यो यांना मिळाला. गॉथमनं हे वर्षभर आधी केलं होतं.

दूरचित्रवाणीबद्दल थोडं, कारण तिथे 'स्वतंत्र' हा शब्द खऱ्या अर्थानं घामाघूम होतो. गॉथमनं नव्या मालिकेसाठी पुरस्कार २०१५ पासून सुरू केला. स्पिरिटनं २०२१ च्या सोहळ्यात मालिकांसाठी पाच विभाग आणले. पहिल्या वर्षी मिकाएला कोएल यांची 'आय मे डिस्ट्रॉय यू' निवडली गेली. लेखिका तीच, नायिका तीच, विषय स्वतःच्या जखमेचा. एकच आवाज, एकच दृष्टी, निकषाला धरून. पुढे 'रिझर्वेशन डॉग्ज', तेही समजतं. पण २०२५ मध्ये 'शोगन'? सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा जपान उभा केलेली भव्य मालिका, एफएक्सची, म्हणजे पुन्हा डिस्नीच्या घरातली. मालिका उत्तम आहे, मी रात्री जागून पाहिली. पण नाडीला बांधून ठेवावी अशी ती नाही. जॉर्ज डिकी नावाचे एक अमेरिकन तत्त्वज्ञ होते. त्यांचं म्हणणं ढोबळ रीतीनं असं, की कलाजगतातल्या संस्था ज्याला कलेचा दर्जा बहाल करतात ती कला. वर्गात मी या सिद्धांतावर टीका करायचो. 'शोगन'च्या वेळी वाटलं, डिकी जिंकले. समितीनं म्हटलं म्हणून स्वतंत्र.

तरी त्याच २०२१ च्या सोहळ्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आपल्या घरची आहे. महामारीमुळे त्या वर्षी तंबू नव्हता, २२ एप्रिलला, गुरुवारी, कार्यक्रम पडद्यावरच झाला. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या पाच नामांकनांत चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' होता. मराठी चित्रपट. मुंबईतला एक तरुण, शास्त्रीय गायक व्हायचंय, आयुष्य त्यात घालतोय, आणि हळूहळू कळत जातं की आपण बहुधा त्या उंचीचे नाही. पुरस्कार 'को वादिस, आयदा?' या बोस्नियाच्या चित्रपटाला गेला. (२०२५ मध्ये पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' याच विभागात होता. मुंबई आणि रत्नागिरीत चित्रित झालेला. तेव्हा 'फ्लो' जिंकला.)

'द डिसायपल'मधला नायक रात्री मोटरसायकलवरून जाताना कानात जुन्या ध्वनिफिती ऐकत असतो. माई नावाच्या एका विदुषीची व्याख्यानं, ज्या कधी मैफलीत गायल्या नाहीत आणि ज्यांना प्रसिद्धी नको होती. पडद्यावर माई दिसत नाहीत, फक्त आवाज. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. १९८५ मध्ये, म्हणजे तिकडे कोएन बंधूंच्या चित्रपटाला बक्षीस मिळालं त्याच्या आदल्या वर्षी, इकडे पुण्यात सुमित्राबाईंनी 'बाई' हा पहिला लघुपट केला होता. पुढे सुनील सुकथनकर यांच्या साथीनं 'दोघी', 'देवराई', 'अस्तु', 'कासव'. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं. तिकडे ज्याला स्पिरिट म्हणतात ते इथे कुठल्याही पिरॅमिडशिवाय तीस-पस्तीस वर्षं चाललं होतं.

१९ एप्रिल २०२१ ला पुण्यात सुमित्राबाई गेल्या. सोहळा तीन दिवसांनी होता. त्यानंतर आठवड्याभरानं, ३० एप्रिलला, 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला आणि मी तो माझ्या खोलीत, दार लावून, कानाला हेडफोन लावून पाहिला. बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज येत होते.